मीठ जरा कमी आहे

माझ्या फजितीचे किस्से तुम्ही ऐकले असतील. नसतील, तर मी एकदा ज्याच्याशेजारी बसलो आहे अशा कोणालाही विचारा. साहेबांच्या मेव्हण्यावर सायकल घातली तो. दुसऱ्याच नवरदेवाच्या वरातीत तासभर नाचलो आणि जेवून आलो तो. हे सगळं मीच सांगतो, मीठमसाला लावून सांगतो, आणि लोक पोट धरून हसतात. स्वतःवर हसणारा माणूस दिसला की लोकांना वाटतं, याच्या पोटात काही राहत नाही बुवा, सगळं बाहेर.

राहतं. एक गोष्ट राहिली आहे. ती मी कोणापुढे काढलेली नाही, बायकोपुढेही नाही. तिला ग्लासात काय होतं तेवढं ठाऊक आहे. ग्लासानंतरचं ठाऊक नाही.

आणि बघा ना — आज ठरवून लिहायला बसलो, तरी पहिल्या चार ओळींत तुम्हाला हसवून घेतलंच. ही सवय. हिचीच मला शिसारी आहे.

तर पोट. सुरुवात पोटापासून झाली. सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं, मी चाळिशीचा, सरकारी दफ्तरात कारकून. जेवलं की बेंबीपासून घशापर्यंत आग. रात्री उशीला पाठ टेकून बसायचं आणि आंबट ढेकर मोजायचे. तुम्ही कधी आजारी पडला असाल तर तुम्हाला माहीत असेल, आपण आजारी पडेपर्यंत गावात एकच डॉक्टर असतो. पडल्यावर प्रत्येक घरात एक निघतो. आमचे हेडक्लार्क म्हणाले, उपाशीपोटी गाईचं तूप. शेजारी म्हणाले, तुपाला हात लावाल तर मराल. नरखेडचे मामेसासरे मोसंब्यांचं पोतं घेऊन एसटीनं उतरले — सकाळी उठल्याउठल्या रस घ्या, जावईबापू. माझ्या पोटात आधीच आग, त्यात मोसंबी! कुहीच्या मावसभावानं तांदळाची पेज सांगितली. एका गृहस्थांनी निळ्या बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवायला लावलं. नागपूरचं ऊन! त्या पाण्यात अंडं उकडलं असतं. कोणी नाकातून पाणी घ्यायला सांगितलं. ते मी घेतलं आणि तोंडातून, डोळ्यांतून आणि मला वाटतं कानांतूनही काढलं.

मी सगळं केलं. आधी एकेक, मग सगळं मिळून. प्रत्येकजण आपल्या पोटाला जे मानवलं ते माझ्या पोटात कोंबत होता, आणि मी आ वासून उभा. एवढ्या वैद्यांत एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, तू खातोस काय? विचारलं असतं तर सांगितलं असतं — सकाळी झणझणीत तर्री-पोहे, वर तर्रीचा लाल रस्सा मागून, दिवसभर चहा, आणि ओठाखाली तंबाखू. पण विचारलं कोणी?

अशातच मी देशकर मास्तरांच्या मंडळात गेलो. हायस्कुलातले निवृत्त ड्रिल मास्तर, सत्तरीतही पाठ ताठ. रोज पहाटे मैदानावर कवायत, प्राणायाम आणि मग — शिवांबू. आता नाक मुरडू नका. त्या वर्षांत त्याची मोठी हवा होती. फार थोर थोर माणसं घेतात म्हणून सांगितलं जाई. स्वतःचं मूत्र, पहाटेची पहिली धार, पेलाभर. सर्व रोगांवर. मास्तर स्वतः नेमानं घेत आणि त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. मास्तर खोटे नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं गेल्यावर थोडा दोष त्यांच्या पदरात टाकायचा मला मोह होईल.

मीही घ्यायला गेलो. न्हाणीघराची कडी लावली, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं — कोणत्या तोंडानं घेतलं कोण जाणे — आणि एक घोट. एकच. तो खाली गेलाच नाही. तो वर आला, आणि येताना आदल्या दिवसाचं सगळं जेवण सोबत घेऊन आला. बाहेरून बायको दार ठोकत होती, "अजी, का करून राहिले आतमधी? मेले-गिले तर नाही ना?"

हा किस्सा किती छान होता! सांगायला म्हणूनच मी तसाच मैदानावर गेलो. तोंड उघडणार तोच मास्तरांनी सर्वांसमोर विचारलं, "काय वसंतराव, घेतलं?"

घेतलं? एका अर्थी घेतलंच होतं ना? मी म्हणालो, "घेतलं."

मास्तरांनी पाठीवर अशी थाप मारली की उरलंसुरलंही बाहेर यावं. आणि टाळ्या. सगळ्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. दफ्तरात इतकी वर्षं काढली, माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. ती ऐकल्यावर न्हाणीघरातला किस्सा मी गिळला. तो मात्र गेला, सरळ खाली.

थोड्याच दिवसांनी बायकोनं मला ओढत दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं मला पहिल्यांदा कोणी विचारलं, काय खाता, कधी खाता, कशानं वाढतं, कशानं उतरतं. मी किस्से सांगायला लागलो तर बाई म्हणाल्या, "शेजाऱ्यांच्या पोटाचं राहू द्या. तुमचं सांगा." मग गोळ्या दिल्या, तर्री बंद, तंबाखू बंद, उपाशीपोटी चहा बंद. महिन्याभरात आग विझली. इतकं साधं! दोन गल्ल्यांवर होतं आणि मी नाकातून पाणी ओढत बसलो होतो.

आता मला सांगा — "चहा कमी केला, तंबाखू सोडली, गोळ्या घेतल्या, बरा झालो" — हा काय किस्सा आहे? कोण ऐकेल? कोण टाळी देईल? मंडळात दर रविवारी गोल बसून अनुभव सांगायची पद्धत होती. बाकीचे तेच ते रटाळ सांगायचे, गुडघा मोकळा झाला, झोप लागते. मी उठलो की लोक पुढे सरकून बसत. गोळ्यांनी थांबलेलं पोट मी शिवांबूच्या नावावर चढवलं. चव कशी, उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली, आदल्या दिवशी कारलं खाल्लं तर काय होतं — सगळं. एका घोटाच्या भांडवलावर वर्षभर दुकान चालवलं. गोळ्यांची पट्टी तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात असे.

मग तो मेळावा. बाहेरगावची मंडळी आली होती, मैदानावर सतरंज्या, वर कापडी मांडव. मास्तरांना अभिमान दाटून आला. म्हणाले, आमचे वसंतराव तुमच्यासमोर घेऊन दाखवतील. मला आदल्या दिवशीच सुचवलं होतं त्यांनी, म्हणून मी तयारीनं गेलो होतो. मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीमागं आडोसा होता. तिथं गेलो, थोडा वेळ घालवला आणि पिशवीतल्या बाटलीतून ग्लास भरला. कोरा चहा. गुळाचा, पातळ, थंड. रंग अगदी बेतून आणलेला — त्यावर मी घरी बरीच मेहनत घेतली होती आणि बायको कपाळाला हात लावून म्हणाली होती, "एवढी अक्कल दफ्तरात लावली असती तं साहेब झाले असते तुम्ही."

ग्लास उंच धरून मी लोकांसमोर आलो. एका दमात संपवला. मिशा पुसल्या. आणि म्हणालो, "मीठ जरा कमी आहे."

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. आणि अगदी पुढं, सतरंजीच्या कडेला, मांडीवर थापा मारून हसत होता पुंडलिक.

पुंडलिकबद्दल मी इतका वेळ बोललो नाही. लक्षात आलं असेल तुमच्या.

पुंडलिक शिंपी. बर्डीच्या बाजारातल्या एका बोळात त्याचं दुकान. एक मशीन, एक माणूस आणि तिसरा आला तर त्यानं बोळात उभं राहायचं. माझ्या लग्नाचा कोट त्यानं शिवला, पोट वाढत गेलं तशा पँटी तोच सैल करत गेला. दफ्तर सुटलं की मी त्याच्याकडे टेकायचा. त्याला साखरेची बिमारी होती. कितीतरी वर्षांची. गोळ्या नेमानं घ्यायचा, गोड वर्ज्य, आणि त्याची बायको — आमची वहिनी — अशी पहाऱ्याला, की सणाच्या दिवशी पुरणाचा वाससुद्धा त्याच्याकडे वाऱ्यानंच जावा. चाललं होतं त्याचं. ठीक चाललं होतं. मंडळात त्याला मीच आणला. दिवसभर मशीनवर वाकून बसतोस, पहाटेची हवा खा म्हटलं. हवाच खायला आला होता बिचारा.

मेळाव्यानंतर आम्ही घरी निघालो. मी सायकल हातात धरून, तो बाजूनं चालत. कोपऱ्यावर त्यानं माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि मला थांबवलं.

"वसंतभाऊ, एक खरं सांगा मले. मास्तरचं सोडा, ते मास्तर आहेत. तुम्ही माह्यासारखेच. ह्या गोळ्या बंद करून हेच घेतलं तं चालन का? तुमच्या आंगाले पटलं ते तं म्या पाह्यलं. माह्या आंगाले पटन का?"

पुन्हा वाचा तो प्रश्न. मी फार वेळा वाचला आहे, मनात. तुमच्या अंगाला पटलं, माझ्या अंगाला पटेल का? माझ्या पोटासाठी मी अर्ध्या जिल्ह्याचे सल्ले गोळा केले, पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. त्या शिंप्याला सुचला, कारण एकाचं माप दुसऱ्याला बसत नाही हे तो रोजच बघत होता. आणि खात्रीची माहिती हवी म्हणून तो कोणाकडे आला? माझ्याकडे. ज्यानं डोळ्यांदेखत पिऊन दाखवलं त्याच्याकडे.

माझ्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. ती काढून दाखवायची होती, बस. हसला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि माझ्या फजितींत आणखी एक भर. तेही नको तर "मला नाही ठाऊक गा, तुझ्या डॉक्टरला विचार" — एवढंही पुरलं असतं. मी काय म्हणालो?

"गोळ्या म्हणजे विष, पुंडलिक. विष आणि अमृत एका भांड्यात ठेवतात का?"

वाक्य मास्तरांचं. पण मास्तर ते साधं म्हणत. मी थोडा थांबून, आवाज खाली आणून म्हटलं. छान जमलं होतं. पुंडलिकनं मान हलवली आणि हँडल सोडलं.

असं का म्हणालो? भीती? नाही हो, भ्यायचं काय होतं. अजून टाळ्या कानात होत्या, एवढंच. त्या उतरू द्यायच्या नव्हत्या.

पुढचं भराभर सांगतो. म्हणजे — भराभर सांगावंसं वाटतं. पुंडलिकनं गोळ्या सोडल्या. त्याच्या दुकानात कोळशाची इस्त्री होती. एकदा झाकण उघडताना निखारा पायावर पडला, करंगळीच्या बाजूला, आणि त्याला कळलंच नाही. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा त्यानं आधी कापड तपासलं. त्या बिमारीत पाय बधिर होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. त्यानं मंडळात ऐकल्याप्रमाणे चिंधी भिजवून बांधली. कशात भिजवून, ते सांगायला नको. रोज बदलायचा, निष्ठेनं.

काही दिवसांनी मी दुकानात गेलो तर बोळाच्या तोंडाशीच वास आला. त्यानं चिंधी सोडून दाखवली. नाही, वर्णन करत नाही. वर्णन करायला लागलो की मी रंगवतो. करंगळी काळी होती, एवढं पुरे. वहिनी मशीनमागं उभी होती. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना यायले. डाक्टरले दाखवाले पायजे का नाही? माहं तं आयकूनच नाही राहिले."

पुंडलिक माझ्याकडे बघत होता. हट्टानं नव्हे — वाट बघत. मी हो म्हटलं असतं तर तो त्या क्षणी चप्पल शोधायला लागला असता. ते मला दिसत होतं. त्या जखमेपुढं कोणालाही कळलं असतं. मला तर पोटापासून कळलं. घशाशी आलं होतं माझ्या, न्हाणीघरात आलं होतं तसंच.

मी म्हणालो, "आणखी आठ दिवस पाहू, वहिनी."

आणि ते आठ दिवस मी त्या बोळात फिरकलो नाही. बर्डीत जायचं झालं तर पलीकडच्या रस्त्यानं. पँटची शिवण उसवली होती; दफ्तरात भिंतीला पाठ लावून हिंडलो, पण त्याच्याकडे नेली नाही. बघा, हाही किस्सा होऊ शकतो. होऊ देत नाही.

वहिनीनं माझे आठ दिवस मानले नाहीत. दोन दिवसांनी तिनं शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याला उचलून रिक्षात घातला आणि मोठ्या दवाखान्यात नेला. तिनं माझं ऐकलं असतं तर तो गेलाच असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दुकानही. एका पायानं मशीन चालवायचा; आवाज बदलला होता मशीनचा — पूर्वी सरळ धावायचं, आता अडखळत धावे. बोळात शिरल्यावर लांबूनच कळायचं. माझ्या पँटी शेवटपर्यंत त्यानंच शिवल्या. मास्तरांनी ते सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मंडळातलं अनुभव सांगणं त्यांनी बंद केलं, कोणाला सल्ला देईनात, एकदा मैदानावर मला म्हणाले, "मी माणूस अधू केला, वसंतराव." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत घातली त्यांची. होय, मी.

पण हेही ते नव्हे. इतक्या वेळ ज्याच्याभोवती मी फिरतो आहे ते हे नव्हे. ते दवाखान्यातलं आहे.

पाय कापल्यावर मी भेटायला गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून जाताना संत्राबर्फीचा डबा घेतला. साखरेच्या बिमारीनं पाय गेलेल्या माणसाला संत्राबर्फी! वहिनीनं डबा घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाटेखाली सरकवला. पुंडलिकच्या अंगावर चादर होती आणि ती एका बाजूला लवकर सपाट होत होती. त्यानं वहिनीला पाणी आणायला पाठवलं. ती गेल्यावर माझा हात धरला आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला,

"वसंतभाऊ, तुमच्यापासून एक लपवलं म्या. मधातमधात गोळ्या घेतल्या गा मी. चोरून. डोकं गरगर करे, भेव लागे. तुम्ही म्हणाले होते ना, विष आन् अमृत एका भांड्यात नाही चालत. म्हणून गेला माहा पाय. तुमची निष्ठा होती, तुम्हाले पटलं. माहीच कमी पडली. मास्तरले सांगजा नका."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका माणसानं माझ्यापुढे खरं कबूल केलं होतं. चोरून गोळ्या घेतल्याचं! माझ्या खिशात तेव्हाही पट्टी होती. तो बोलत असताना माझा हात खिशावर गेला, आणि तिथंच राहिला.

आता वाटलं ना तुम्हाला, की आता तरी यानं सांगितलं असेल?

मी म्हणालो, "जाऊ दे, पुंडलिक. होतं असं माणसाकडून. मी काही मनात धरत नाही."

मी त्याला माफ केलं.

आणि त्याचा चेहरा असा उतरला — म्हणजे ओझं उतरलं, हलका झाला चेहरा. हात दाबला माझा. डोळे पुसले. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे वळून, जरा ऐटीतच, म्हणाला, "हे आमचे वसंतभाऊ. सगळ्यायच्या समोर पिऊन दाखवलं यायनं, आन् वरतून काय म्हणते — मीठ जरा कमी आहे!"

शेजारचा माणूस टाके धरून हसला. पुंडलिक हसला. वहिनी पाणी घेऊन दारात उभी होती, ती हसली नाही.

मी हसलो.